बाजेच्या दोरीनं धरलेलं इंजिन

चंद्रपुरातलं माझं गॅरेज आता जावई बघतो. मी सकाळी जातो, खुर्ची टाकून बसतो आणि गाडी फाटकातून आत आली की डोळे मिटून ऐकतो. जावयानं संगणकाची वायर लावायच्या आधीच रोग सांगून टाकतो. निम्म्या वेळा बरोबर निघतं. उरलेल्या निम्म्या वेळा जावई काही बोलत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

तर माझ्या पान्यांच्या पेटीत एक दोरी आहे. करंगळीपेक्षा बारीक, सुती, एका टोकाला गाठ आणि दुसरं टोक काजळीनं काळं. गॅरेजातली पोरं ती फेकायला निघाली होती. त्यांना मी जे सांगितलं तेच इथं सांगतो, जरा सविस्तर.

पण आधी आमच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायला हवं. शहरातला माणूस म्हणतो, बेल्ट वाजतोय. आमच्या जंगलाच्या मुलखातला माणूस रोग सांगतो तो जनावरांच्या आवाजात. अहेरीकडचे एक ठेकेदार फोनवर म्हणायचे, "मिस्त्री, गाडीत अस्वल घोरून राह्यलं." मी समजायचो, सायलेन्सरला भोक पडलं. एक मुख्याध्यापिका होत्या. त्यांची तक्रार अशी की चढावर गाडीत रातकिडे बोलतात आणि उतारावर गप्प बसतात. त्यांना मी दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरायला सांगितलं, रातकिडे गेले. एक मास्तर तर आवाज स्वतः तोंडानं काढून दाखवायचे. शाळेतून फोन करायचे तेव्हा मागे वर्ग खिदळत असायचा. ह्या लोकांची चेष्टा मी पुष्कळ केली, पण खरं सांगतो, अर्धा धंदा मला त्यांनीच शिकवला. कान लावून ऐकणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

ह्या सगळ्यांत कान तयार होता पत्रुजी नाकेदारांचा. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. जन्म जंगलात गेला, त्यामुळे त्यांचं जनावर कधी चुकायचं नाही. निवृत्त होऊन ते कुरखेड्याजवळच्या आपल्या गावी राहायला गेले होते. धानाची कापणी चालू होती त्या दिवसांत त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, गाडीतली टिटवी होती ना, तिचा आता कोल्हा झाला."

"कधीपासून?"

"हप्ता झाला. सकाळी चालू केली का वरडते. स्टेरिंग जड लागून राह्यलं, अन बॅटरीचा लाल दिवा काई इझत नाई."

मी डोळे मिटले. बेल्टची टिटवी बेल्ट बदलला की जाते. पण टिटवीचा कोल्हा झाला आणि वर स्टेरिंग जड, म्हणजे पुली.

ही पुली म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाच्या पोटात जो मुख्य दांडा फिरतो, त्याचं एक टोक बाहेर येतं. त्यावर ही पुली घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावरून बेल्ट फिरतो. तो बेल्ट बॅटरी भरतो, स्टेरिंगला जोर देतो, गार हवेचं यंत्र चालवतो. दिसायला पुली एकसंध वाटते, पण असतात त्या एकात एक बसवलेल्या लोखंडाच्या दोन बांगड्या, मध्ये रबर. दांड्याची थरथर त्या रबरानं गिळायची. रबर म्हातारं झालं की आतली बांगडी फिरते आणि बाहेरची मागे राहते. मग बेल्ट घसरतो आणि ओरडतो. तरीही चालवत राहिलं तर एक दिवस बाहेरची बांगडी निखळून पडते. कुरखेड्याच्या रस्त्यावर ती कुठं पडेल आणि तिथं फोनला रेंज असेल का, हे कोणी सांगावं.

"गाडी चालवू नका," मी म्हटलं. "दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून इकडं पाठवा."

"नाई पाठवता येत." पत्रुजींचा आवाज एकदम खाली आला. "विलास येऊन राह्यला परवा. गाडी टोचन होऊन गावातून गेली तं त्याले नागपुरात मालूम पडते. तुमीच या इकडं. घरीच करा."

विलास त्यांचा मुलगा, नागपुरात नोकरीला. तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. पावसाळ्यात ही गाडी एकदा रस्त्यात बंद पडली होती, तेव्हा तो नागपूरहून धावत आला आणि सगळ्यांसमोर बोलून गेला की आता एकदा जरी गाडी बिघडली तरी विकून टाकायची. गाडी विकली असती तर पत्रुजी पुन्हा आंगणातच बसले असते. कारण त्यांना दुसरी कुठलीच गाडी चालवता येत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. नोकरीत असताना, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, पत्रुजींची अस्वलाशी गाठ पडली. अस्वलानं डावा पाय फाडला. गावच्या माणसांनी घरची बाज आणली, तिच्यावर त्यांना घालून खांद्यावरून सडकेपर्यंत नेलं. दवाखान्यातून आल्यावर ते कितीतरी महिने त्याच बाजेवर पडून होते. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. पुढची नोकरी त्यांनी लाकडाच्या डेपोत टेबलामागे काढली. मोटरसायकल विकली. जंगलातल्या वाटा हातावरच्या रेघांसारख्या माहीत असलेला हा माणूस कुठं जायचं म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा.

निवृत्तीच्या सुमारास ते कुणाच्या तरी जीपमधून माझ्या गॅरेजात आले. तिथं एक जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला उभी होती. आत डोकावून ते म्हणाले, "मिस्त्री, याचा क्लच कुठी हाय?"

"नाही याला क्लच."

"मंग डाव्या पायाले काम काय?"

"काहीच नाही. सुट्टी."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग मला म्हणाले, बसू का जरा. गॅरेजच्या मागच्या मैदानात मी त्यांना शिकवलं. पहिल्या फेरीत तो डावा पाय सवयीनं क्लच शोधत होता आणि सापडत नव्हता. दुसऱ्या फेरीत पत्रुजी हसायला लागले. तिसऱ्या फेरीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाडी सरळ माझ्या भिंतीकडे निघाली होती. आयुष्यात मी पुष्कळ गाड्या विकायला मदत केली, पण इतका आनंद मला दुसऱ्या कोणत्या सौद्यात झाला नाही.

तेव्हा त्या दिवशी पत्रुजींचा फोन ठेवला आणि नवी पुली नि नवा बेल्ट मागवून घेतला. निघालो तो विलास यायच्या दिवशीच, पण तो संध्याकाळी पोहोचणार होता. मी सकाळीच पोहोचलो.

आंगणात एका बाजूला धानाची रास, दुसऱ्या बाजूला गाडी. यमुनाबाई, म्हणजे पत्रुजींची बायको, सूप घेऊन धान पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, पण चेहरा काही मोकळा नव्हता.

"काय वहिनी, राग आला का?"

"मले कायचा राग? बापलेकाचं भांडण, मी कोन्या बाजूनं बोलू? रस्त्यात बंद पडली होती तवा माह्या जिवाचं पाणी झालं होतं, भाऊ. इकली तं इकली." आणि सूप आपटून परत पाखडायला लागल्या.

ओट्याच्या कडेला बसलेल्या पत्रुजींनी हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

हे काम गॅरेजात सोपं असतं. हवेची गन लावली की पुलीचा मोठा बोल्ट बघता बघता सुटतो. घरी हवा नाही. तिथं पान्याला लांब पाईप घालून अंगाच्या जोरावर सोडवावा लागतो. पण बोल्ट फिरवायला गेलं की त्याच्याबरोबर दांडाही फिरतो, म्हणून आधी इंजिन धरून ठेवावं लागतं. साध्या गाडीला ह्याची सोपी रीत आहे. गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची, एकानं ब्रेक दाबायचा, म्हणजे चाकं इंजिनाला धरून ठेवतात. आमच्याकडे वर आणखी एक रीत आहे. गावात कुणाची गाडी दुरुस्त होत असली की शेजारपाजारचे लोक बोलावल्याशिवाय येतात आणि बोनेटला खांदा लावून उभे राहतात. ह्याला 'गाडी धरणं' म्हणतात. नुसतं बघत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून बहुधा.

तसे लोक आले. गाडी जमिनीवरच होती. चाक वळवून आतल्या बाजूनं पाना बोल्टपर्यंत जात होता, म्हणून बोल्ट आधी ढिला करून मग गाडी उचलायचा माझा बेत होता. पत्रुजी आत बसले. माझ्या तोंडातून जन्माच्या सवयीनं निघालं, "टाका गिअरमध्ये. दाबा ब्रेक. धरा रे गाडी!"

मी पाईपवर वजन टाकलं. बोल्ट फिरला.

"निंगाला!" सगळे ओरडले. मीही खूष झालो. इतका सहज सुटेल असं वाटलं नव्हतं. मी फिरवत राहिलो. मधेच जड लागायचं, मधेच हलकं. बोल्ट काही बाहेर येईना.

"मिस्त्री," खांदा लावलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "फिरून तं राह्यला, पण निंगून नाई राह्यला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि चाकं लोखंडानं जोडलेली नसतात. मध्ये तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे असतात. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. जोडणी तेलाची. सगळ्या गावानं चाकं धरून ठेवली तरी इंजिन मोकळंच. इतका वेळ मी बोल्ट सोडवत नव्हतो, हातानं इंजिन फिरवत होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्या मी उघडल्या आहेत. पण त्या गॅरेजात, गन लावून. आंगणात, खांदे लावलेल्या माणसांसमोर, हात आपला जुना धडा म्हणून गेला. मी हसलो, तसे सगळे हसले. पत्रुजी तेवढे हसले नाहीत.

"मंग आता?"

खालून इंजिनाच्या मागच्या दातेरी चाकाचे, फ्लायव्हीलचे, दात अडवायचं एक हत्यार असतं, ते मी आणलं नव्हतं. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खुपसून दात तुटला असता तर गाडी खरोखरच विकावी लागली असती. काही जण पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारतात. त्यात मनगट मोडलेले मिस्त्री मी पाहिले आहेत, ते मी करत नाही. उरली एक जुनी युक्ती, माझ्या उस्तादाची. इंजिनाचा एक प्लग काढायचा. त्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरायची आणि टोक बाहेर ठेवायचं. मग बोल्ट फिरवला की आतला पिस्टन वर चढतो, दोरीचा बोळा छताला दाबला जातो आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. लोखंडाला इजा होत नाही. फक्त दोरी बारीक हवी, मऊ हवी, स्वच्छ हवी आणि तिचे धागे सुटता कामा नयेत.

ऐकल्याबरोबर गाव दोरी शोधायला पांगलं. बैलाचं दावं आलं, ते भोकात जाईना. कपडे वाळत घालायची दोरी आली, ती प्लास्टिकची, ताठ. सुतळी आली, तिची कुसं झडत होती. कुणी मच्छरदाणीची नाडी आणली. मी प्रत्येक वेळी मान हलवत होतो आणि प्रत्येक वेळी पत्रुजी रस्त्याकडे बघत होते. ऊन डोक्यावर येत चाललं होतं.

"किती जाड पाह्यजे, भाऊ?" यमुनाबाईंनी विचारलं. सूप बाजूला ठेवलं होतं.

मी करंगळी दाखवली. "हिच्यापेक्षा बारीक. सुती मिळाली तर सोनं."

त्या उठल्या. ओट्यावर गेल्या. तिथं ती बाज होती, ज्या बाजेवर पत्रुजींना रानातून आणलं होतं तीच. बाजेच्या पायथ्याशी विणकाम ताणून धरायला एक लांब दोरी ओवलेली असते. यमुनाबाई खाली बसल्या आणि तिची गाठ सोडायला लागल्या. गाठ जुनी होती, त्यांनी दात लावले.

"काऊन वो, ते काऊन सोडून राह्यली?" पत्रुजी गाडीतून म्हणाले. "विलास आला का तिच्यावरच पडते."

"तो बसन खुर्चीवर." त्यांनी एकेक वेढा ओढून काढला. "याच्यावर तुमी पडून होते तवा मी रोज ताणत होती ही दोरी. ढिली झाली का तुमचा पाय दुखे. लई ताणली. आता गाडीले ताणू द्या."

पत्रुजींनी मान खाली घातली. मी प्लग काढायला वाकलो.

यमुनाबाईंनी दोरी ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात धरली आणि मग माझ्या हातात दिली. बाज पुन्हा ओट्यावर जागच्या जागी ठेवली, वर सतरंजी अंथरली. दिसायला बाज होती तशीच.

मी काडी घालून पिस्टन कुठं आहे ते बघितलं, थोडा खाली उतरलेला आणि दोन्ही वाल्व्ह, म्हणजे झडपा, मिटलेल्या असा मेळ साधला, आणि दोरी भरत गेलो. टोकाला गाठ मारून ते बाहेर ठेवलं. पाईपवर हात ठेवला, तेव्हा खांदे लावायला पुन्हा सगळे तयार. मी म्हटलं, धरू नका, दोरीनं धरलंय. तरी धरलंच.

पाईप थोडा गेला आणि अडकला. इंजिन थांबलं होतं. मी आणखी जोर लावला. टक्‌ असा आवाज झाला. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि अजूनही तो ऐकला की छाती हलकी होते. बोल्ट सुटला होता.

पुढचं काम सरळ होतं. गाडी उचलली, खाली सागाचे ठोकळे लावले, चाक काढलं, बेल्ट उतरवला, पुलरनं जुनी पुली ओढून काढली. तिची बाहेरची बांगडी माझ्या हातातच गरकन फिरली. पत्रुजींनी ती फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हा पाहा कोल्हा." नवी बसवली. बोल्ट कसायला पुन्हा दोरी भरली, ह्या वेळी पिस्टन उलट्या बाजूनं चढवून. दोरी काढली, प्लग लावला, नवा बेल्ट चढवला. पत्रुजींनी किल्ली फिरवली.

आवाज आला तो नुसत्या इंजिनाचा. ना टिटवी, ना कोल्हा. लाल दिवा विझला. पत्रुजींनी एका बोटानं स्टेरिंग फिरवून दाखवलं. गावानं टाळ्या वाजवल्या आणि गाव आपापल्या धानाकडे गेलं.

आम्ही चहा घेत होतो तोच फाटक वाजलं. विलास. संध्याकाळची वाट न बघता तो दुपारच्या बसनं आला होता.

माझे हात कोपरापर्यंत काळे. तरी मी कप नेटका धरून म्हणालो, "इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं." यमुनाबाई धानाकडे वळल्या. पत्रुजी आभाळाकडे बघायला लागले. अशा भोळ्या चेहऱ्यांची तीन माणसं विलासनं एका जागी पाहिली नसतील.

"गाडी बरी हाय ना, बाबा?"

"एकदम."

तो थकला होता. पिशवी ठेवली, ओट्यावर चढला आणि पाठ टेकायला म्हणून नेहमीसारखा त्या बाजेवर धाडकन पडला.

सतरंजीसकट तो थेट जमिनीवर गेला. वर नुसते पाय दिसत होते. आम्ही सगळे धावलो. पत्रुजी तो न वाकणारा पाय ओढत सगळ्यांच्या पुढं. लागलं काही नव्हतं. बाजेच्या चौकटीत बसूनच विलासनं विचारलं, "याची दोरी कुठी गेली?"

यमुनाबाईंनी माझ्या पेटीवरून ती उचलली. तिचं टोक काळं झालं होतं. "गाडीच्या पोटात होती," त्या म्हणाल्या, आणि हसू दाबता दाबता सगळं सांगून टाकलं.

विलास हसला नाही. दोरी हातात धरून बसून राहिला. "मले काऊन नाई सांगितलं, बाबा?"

"तू गाडी इकशीन म्हणून."

"मी काई दुश्मन आहो का तुमचा? तुमाले या बाजेवर टाकून आणलं तवा मी बाजूनं पळत होतो. माह्या डोळ्यांपुढचं ते जात नाई. तुमी एकटे जंगलातून गाडी चालवता अन मले नागपुरात जेवण जात नाई."

पत्रुजी त्याच्याजवळ खाली बसले. त्या पायानं खाली बसणं सोपं नव्हतं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. विलास आला की गाडी तोच चालवायचा, तशी सवयच होती.

विलासनं किल्लीकडे पाहिलं. उठला, दोरी माझ्या पेटीत टाकली, कपडे झटकले, गाडीजवळ गेला आणि डावीकडचं दार उघडून आत बसला.

"चालवा तुमी. मी पाह्यतो," तो म्हणाला. "चाला, माय, बस मागं. कुरखेड्याले जाऊन येऊ."

पत्रुजी गाडीत बसले. गाडी मागे घेतली ती धानाच्या राशीला न शिवता. इतकी सफाई मी त्यांना शिकवली नव्हती.

मला वाटलं, हे लोक येईपर्यंत आपण बाजेचं काम करून ठेवावं. माझ्या गाडीत नवी दोरी होती नायलॉनची. मी ती काढून ओट्यावर चढलो आणि बाज उलटी केली. फाटकातून बाहेर पडता पडता गाडी थांबली. मागच्या खिडकीतून यमुनाबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता तिच्यावर कोणाले पडून राह्याचं हाय?"